मशीनचा हात

शेडमध्ये पंखे बसले, तेव्हाच बायकांनी ओळखलं की कुणीतरी येणार आहे. मालक उगाच वारा वाटणारा माणूस नव्हता. पंख्यांपाठोपाठ संडासाला नवं दार आलं, दाराला कडी आली, आणि नवं दार खराब होऊ नये म्हणून कडीला कुलूप आलं. किल्ली मुकादमाच्या खिशात. या मुकादमाच्या गळ्यात बारा महिने शिट्टी लटकलेली असायची, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. जिला जायचं असेल तिनं शिट्टीकडे किल्ली मागायची, असा नियम झाला. बायका मागत नसत. शेडमागच्या झुडपांना अजून कुलूप लागलेलं नव्हतं.

मग भिंतीवर औषधाची पेटी आली. पुढून काच, आत पांढऱ्याशुभ्र पट्ट्या. इतक्या शुभ्र, की एखादीचं बोट चेचलं तरी त्या वापरायचा तिला धीर होऊ नये. सगळ्यात शेवटी प्रत्येकीला रबरी हातमोज्यांचा एकेक जोड मिळाला.

"घालायचे कधी?" कुणीतरी विचारलं.

"पाहुणे आल्यावर," शिट्टी म्हणाला. "तोवर मळवू नका."

शेडमध्ये काजूची बी फोडली जायची. भट्टीत भाजलेली बी पाट्या भरभरून यायची. बाईनं दगडापुढे बसायचं, डाव्या हाताच्या दोन बोटांत बी उभी धरायची, उजव्या हातानं लाकडी हातोडीचा एक घाव या कडेला, एक त्या कडेला, की टरफल उघडतं आणि आतला गर अख्खा बाहेर पडतो. अख्खा गर एका ताटात, तुटका दुसऱ्या ताटात. तुटक्याला निम्मा भाव. टरफलात चीक असतो, तो कातडीला लागला की भाजतं, काळं पडतं आणि पुढे साल निघते. म्हणून जवळ राखेचं टोपलं ठेवायचं आणि मधूनमधून त्यात बोटं बुडवायची. राखेनं चीक थांबत नाही. पण आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

दारापासून तिसऱ्या दगडावर मशीन बसायची. तिला तिचं खरं नाव कुणी विचारलं असतं तर सांगण्याआधी ती जराशी थांबली असती, इतकं ते वापरातून गेलं होतं. तिची हातोडी पडली आणि गर ताटात गेला, यांच्यामध्ये काही घडलंय असं बघणाऱ्याला दिसत नसे. ती बीकडे बघायचीही नाही. शेजारणीशी बोलायची, जांभई द्यायची, खोकल्याचा आवाज कुणाचा ते ओळखायची, आणि हात आपला चालू.

तिच्या शेजारच्या दगडावर तिची सून. सून येऊन दोन हंगाम झाले होते, पण हात बसला नव्हता. ती बीकडे बघायची. प्रत्येक बीकडे, जणू आधी तिची परवानगी घ्यायची आहे.

"बघत जाऊ नकोस गं," मशीन सांगायची. "बघितलं की हात बिचकतो."

"आणि नाही बघितलं तर बोटावर बसते."

"बसू दे चार वेळा. मग बोटच शिकतं."

सुनेचं बोट शिकायला तयार नव्हतं. तरीही तिचे रोजचे चार पैसे घराला लागत होतेच. मशीनचा मुलगा लांबच्या दगडखाणीवर होता आणि त्याच्याकडून पैशांपेक्षा निरोपच जास्त येत. मशीनचा नवरा, ज्याला सगळे भट्टीवाला म्हणत, त्यानं याच शेडची भट्टी उमेदीची सगळी वर्षं सांभाळली होती. आता त्याच्या छातीत त्या भट्टीचा धूर मुक्कामाला होता. सासूच्या मजुरीत पोट भरायचं, सुनेच्या मजुरीत औषध यायचं. दोन्हीपैकी एक काढलं की काय उरतं, याचा हिशेब घरात कुणी मांडत नव्हतं, कारण तो मांडायची गरज नव्हती.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी वकीलीण मशीनच्या घरी आली. वकीलीण शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण समोरच्याच्या कुठल्याही वाक्याला "पण" लावल्याशिवाय ते सोडत नसे, म्हणून शेडनं तिला ही पदवी दिली होती. ती उंबऱ्याशी बसली आणि पाण्याचा तांब्या रिकामा करूनच बोलायला लागली.

"उद्या तपासायला ज्या पाहुण्या बाई येणार आहेत ना, त्या घड्याळ लावणार आहेत."

"कशाला?"

"एकीला बसवायचं, घड्याळ लावायचं, आणि एका दिवसात किती बी फुटते ते काढायचं. तेवढ्यात दिवसाची ठरलेली मजुरी सुटत नसेल, तर मालकाला दर वाढवावा लागतो. नाही वाढवला तर समुद्रापलीकडचा व्यापारी माल उचलणार नाही. तिकडे गिऱ्हाईक विचारतं म्हणे, की फोडणाऱ्या बाईला नीट पैसे दिले का."

"गिऱ्हाईक विचारतं?" भट्टीवाला म्हणाला. "काजू खाताना?"

"खाण्याआधी."

"मग बरं आहे. खाताना विचारलं तर घास अडकायचा." तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत सगळे थांबले.

"हे तुला कुणी सांगितलं?" मशीननं विचारलं.

"शिट्टीनं. तो मालकाशी फोनवर बोलत होता, आणि मी बी निवडत होते म्हणून त्याला वाटलं मला ऐकू येत नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे, पण शिट्टी बसवणार कुणाला?"

सगळ्यांनी मशीनच्या हातांकडे बघितलं. ते गुडघ्यावर पडले होते, काळेठिक्कर, उलथण्यासारखे पसरलेले.

"मला तर नक्कीच नाही बसवणार," सून आतून म्हणाली.

"तेव्हा मशीन, उद्या जरा हळू. सगळ्याजणींचं बोलणं झालंय. एवढ्या हंगामांत दर हललेला नाही. उद्या हलला तर हलला."

"हळू म्हणजे किती हळू?"

"तुझ्या सुनेएवढं धर."

"मी काय मुद्दाम करते का?" आतून आवाज आला.

"तुला नाही म्हणत, माप सांगतेय," वकीलीण म्हणाली.

मशीन उठली आणि चुलीतली लाकडं मागे ओढली. "बरं. हळू करते. त्याला काय अक्कल लागते?"

दुसऱ्या दिवशी पंखे सकाळपासून फिरत होते. राख उडून सगळ्यांच्या डोळ्यांत जात होती, पण पंखे बंद करा असं म्हणायची आजची वेळ नव्हती. पाहुण्या बाई आल्या. उंच, साध्या, पायांत पळण्याचे बूट, तोंड उन्हानं लाल झालेलं. शेडमध्ये शिरताच धुरानं त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, तरी त्या सगळ्यांकडे बघून हसत होत्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याबरोबर एक तरुण दुभाष्या होता, तो बुटांना राख लागू नये म्हणून चवड्यांवर चालत होता.

बाईंनी प्रश्न विचारले.

"इथं प्यायला पाणी आहे का?" दुभाष्यानं आपल्या भाषेत विचारलं.

"आहे," बायका म्हणाल्या.

"संडास आहे का?"

"आहे."

"हातमोजे दिले आहेत का?"

"दिलेत."

सगळी उत्तरं खरी होती. खोटं बोला असं शिट्टीला कुणाला सांगावंच लागलं नाही. मोजे तर प्रत्येकीच्या हातांत होते. फक्त गरम चिकानं त्यांची टोकं तासाभरात खाऊन टाकली होती आणि प्रत्येकीची बोटं बाहेर आली होती. बाईंनी त्याची नोंद घेतली. पुढच्या वेळी जाड मोजे द्यावेत, असं त्या म्हणाल्या. मालकानं छातीवर हात ठेवून मान लववली.

मग घड्याळ निघालं.

"मॅडमना एखादी साधारण बाई हवी," दुभाष्या म्हणाला. "फार नवी नको, फार जुनी नको. आपली सर्वसाधारण."

शिट्टीनं शेडभर नजर फिरवली, हनुवटी खाजवली, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ही चालेल. ही साधारणच आहे."

मशीन दगडापुढे सरकली. वकीलीण समोरच्या रांगेत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिची हातोडी थांबली. एकेक करत बाकीच्याही थांबल्या.

मशीननं पहिली बी उचलली. हळू, असं तिनं हाताला सांगितलं. हातानं ऐकलं. हातोडी संथ खाली आली, आणि बीच्या कडेवर बसायच्या ऐवजी पोटावर बसली. गर तुटला. दोन तुकडे तुटक्याच्या ताटात गेले. दुसरी बी तिनं आणखी जपून घेतली. जपून घेतली म्हणून तिच्याकडे बघितलं, आणि बघितलं म्हणून हात बिचकला. तिसरीचा तर चुरा झाला. इतक्या वर्षांत तिच्या ताटात चुरा पडला नव्हता. तो कसा दिसतो हे ती शेजारणींच्या ताटांतून ओळखून होती.

बाई वाकून बघत होत्या. त्यांनी दुभाष्याला काही विचारलं. आवाजात दया होती, ती भाषा न कळणाऱ्यालाही कळत होती.

"मॅडम विचारतायत," दुभाष्या म्हणाला, "की या बाई नवीन आहेत का? की यांना दिसायला कमी आहे?"

मशीननं मान वर केली. तिला वकीलीण दिसली, सून दिसली, शिट्टीच्या मिशीखालचं हसू दिसलं. तिला सगळं आठवत होतं, काय ठरलं होतं ते. त्यानंतर जे झालं ते तिनं केलं नाही, हातानं केलं. हात गेला, बी आली, टक-टक, गर. टक-टक, गर. ताटात अख्खे गर पडू लागले, पांढरे, बाकदार, एकसारखे, आणि टरफलांचा ढीग तिच्या घोट्यापर्यंत चढला. ती कुठेच बघत नव्हती. खोकल्याचा आवाज आला असता तर तो कुणाचा ते तिनं सांगितलं असतं, पण शेडमध्ये कुणी खोकत नव्हतं. घड्याळ थांबलं तरी हात आणखी चार बिया फोडून मग थांबला.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

"मॅडम म्हणतात, इतका सुंदर हात त्यांनी कुठेच बघितला नाही," दुभाष्या म्हणाला.

आणि मशीनला, लाज वाटायच्या आधी, बरं वाटलं.

संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावर तिच्या पुढे बायकांचा घोळका होता आणि मागेही एक होता. मध्ये ती आणि सून. वळणावर वकीलीण मागून आली, दोघींना ओलांडून पुढे गेली, आणि न थांबता म्हणाली, "अक्कल लागते पण."

घरी भट्टीवाल्यानं विचारलं, "झालं का हळू?"

"मोडत होते हो गर," मशीन म्हणाली. "हळू मारलं की मोडतात."

"तेही खरंच आहे," तो म्हणाला. "भट्टीही हळू पेटवली की नुसता धूर होतो." त्याला तिची बाजू घ्यायची होती, एवढंच त्यातून कळलं.

पंधरवड्यानं शेडच्या दारावर मोठा फलक लागला. वर समुद्रापलीकडची भाषा, खाली आपली, पण आपली भाषाही अशी नटवलेली की शिट्टीला ती वाचून सांगावी लागली. दर तपासला होता आणि तो न्याय्य निघाला होता. साधारण बाई साधारण वेगानं बसली तर दिवसाची मजुरी सहज सुटत होती, वर थोडं उरतही होतं.

"मालक म्हणत होते, जरा जास्तच देतोय की काय आपण," शिट्टी म्हणाला. "पण त्यांनी कमी केला नाही. मन मोठं आहे."

पुढचं कलम मात्र बायकांनी दोनदा वाचून घेतलं. यापुढे कुणाही बाईला दिवसाच्या ठरलेल्या मजुरीपेक्षा कमी मिळता कामा नये. एखादीचं ताट तेवढं भरलं नाही, तर वरचे पैसे मालकानं स्वतःच्या खिशातून घालायचे.

"म्हणजे मोडली तरी पूर्ण मजुरी?" सुनेनं विचारलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला. मशीनचाही. वकीलीणसुद्धा "पण" म्हणायची विसरली.

मालक ते विसरला नव्हता. आठवड्याच्या शेवटी शिट्टीनं सात-आठ जणींना बाजूला उभं केलं. त्यांत सून होती. पुढची गाडी माल न्यायला येईपर्यंत ज्यांचं ताट मापाला लागेल त्या राहतील, असं ठरलं होतं.

"आणि नाही लागलं तर काढणार?" वकीलिणीनं विचारलं.

"काढणार कशाला. कमी मजुरीवर कुणाला राबवायचं नाही असा नियम झालाय ना आता? तुमच्यासाठीच झालाय. मग जिचं ताट भरत नाही तिला मालक राबवणारच नाहीत."

त्यानंतरचे दिवस सुनेनं हातोडीखाली काढले. ती सगळ्यांच्या आधी यायची, दुपारी भाकरीचा घास एका हातानं खायची. बीकडे न बघता मारायला लागली, तसं डाव्या हाताचं नख काळं पडलं आणि एक दिवस राखेच्या टोपल्यातच राहिलं. चिकाचा थेंब उडून पापणीवर बसला, डोळा सुजून मिटला. औषधाच्या पेटीलाही कुलूप होतं, किल्ली शिट्टीकडे होती आणि शिट्टी मालकाबरोबर गावाला गेला होता. मशीननं तिच्या डोळ्यावर ओलं फडकं धरलं.

"घरी जा आजच्या दिवस."

"आणि ताट?"

"बघते मी."

मशीन बघायला लागली. तिचं ताट भरायला लागलं की ती ओंजळभर अख्खे गर दगडाआडून सुनेच्या ताटात सरकवायची. हात एवढा सराईत की शेजारच्या रांगेतही कळू नये. पण वकीलिणीला कळलं. वळणावरच्या त्या संध्याकाळपासून ती मशीनशी एक शब्द बोलली नव्हती, आताही बोलली नाही. फक्त शिट्टी फिरत त्या रांगेकडे आला की ती उठून त्याच्याशी पिण्याच्या पाण्यावरून भांडण काढायची. पाण्यात राख आहे, पाणी गरम आहे, पाणी ओलं आहे, काहीही.

शिट्टीनं मशीनला तिच्या ताटावरूनच पकडलं. सुनेचं रोज मापाला टेकत होतं आणि मशीनचं रोज तेवढंच उतरत होतं.

"मशीनबाई, आजारी आहात का?"

"नाही."

"मग हे असं कसं? तुमचा गर सुनेच्या ताटात जातोय."

"घरातलंच ताट आहे."

"घरातलं घरात. इथं फलक आहे." त्यानं फलकाकडे बोट केलं. "एकीचं काम दुसरीच्या नावावर लावायचं नाही, कलम आहे. खोटी नोंद होते. मॅडमना किती वाईट वाटेल."

मशीनला पाहुण्या बाई खरंच आठवल्या, धुरानं पाणावलेल्या डोळ्यांच्या. त्यांना वाईट वाटलं असतं, यात शंका नव्हती.

माल न्यायला गाडी आली आणि गेली. सून दुसऱ्या दिवसापासून घरी राहिली. पहिले दोन दिवस तिनं घर सारवलं, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. भट्टीवाल्याचं औषध संपलं तेव्हा त्यानं बाटलीत थोडं पाणी घालून हलवलं आणि म्हणाला, "चव तीच आहे." तिसऱ्या दिवशी सुनेनं दगडखाणीवर नवऱ्याकडे जाऊ का म्हणून विचारलं. तिथं बायका खडी फोडतात, असं तिनं ऐकलं होतं.

"डोळा उघडू दे आधी," मशीन म्हणाली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी शिट्टी सायकल हातात धरून दाराशी आला. मागच्या कॅरिअरवर एक पोतं बांधलेलं. गळ्यात शिट्टी नव्हती, त्यामुळे तो उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"मालकांच्या मनात आलं," तो म्हणाला, "बायका घरी बसल्यात. बसल्या बसल्या थोडी बी फोडली तर त्यांनाही बरं. भाजलेली आणलीय. दगड घरात असेलच."

"दर?" मशीननं विचारलं.

"शेडपेक्षा जरा खाली."

"किती खाली?"

त्यानं आकडा सांगितला. तो जरा खाली नव्हता.

"का पण? बी तीच, गर तोच. इथं तर पंखाही नाही तुमचा."

"शेडमधला दर न्याय्य आहे मशीनबाई. तो शेडमध्येच चालतो. हा आपला घरगुती."

"आणि त्या पाहुण्या बाई?" भट्टीवाल्यानं अंथरुणातून विचारलं.

"त्या शेड बघतात. लोकांच्या घरात शिरणं त्यांच्यात बरं दिसत नाही."

भट्टीवाल्यानं मान हलवली. रीतभात त्याला पटली.

मशीनला ते पोतं परत पाठवायचं होतं. ने म्हणावं, तुझ्या मालकाच्या अंगणात ओत, असे शब्द तिच्या तोंडात तयारही झाले. पण ती वळली तेव्हा सुनेनं सायकलीवरची दोरी सोडली होती. एका डोळ्यानं गाठ बघत, दातांनी ओढून. पोतं तिनं फरफटत आत नेलं. शिट्टीनं सुटल्यासारखा श्वास घेतला आणि सायकल वळवली. आणखी सहा-सात दारं त्याला करायची होती.

सुनेनं चुलीतली राख टोपल्यात काढली, परसातला दगड आणला, दिवा जवळ ओढला आणि मांडी घातली. मशीननं हात धुतले होते ते पुसले, दुसरी हातोडी शोधून काढली आणि तिच्यासमोर बसली. दिवसभराची पाठ मोडलेली होती, पण पोतं मोठं नव्हतं. दोघींनी मिळून झोपायच्या आत संपलं असतं.

तिनं बी उचलली. सुनेनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तुम्ही नका बसू आई."

"अगं, चटकन होईल."

"म्हणूनच. सकाळी तो न्यायला येईल आणि विचारेल, एवढं पोतं एका रात्रीत कसं झालं. मग म्हणेल, होतंय की सहज. मग याचाही दर उतरेल. माझा उतरेल, आणि त्या सहा-सात दारांतल्यांचाही."

तिच्या आवाजात राग नव्हता.

मशीननं बी पोत्यात परत टाकली. हातोडी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. सून मारायला लागली. एक घाव, मग थांबणं, मग बघणं, मग दुसरा घाव. भट्टीवाला कुशीवर वळला. मशीननं दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले, थंडी वाजल्यासारखे, कारण ते मांडीवर ठेवले की बोटं आपोआप हलत होती.

गर मोडल्याचा आवाज आला. बाकी कुणाला तो कळला नसता. मशीननं डोळे मिटून घेतले आणि पुढच्या घावाची वाट बघत बसून राहिली.